घरच्या लेथला बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटर: मोजण्यापासून आटे पाडण्यापर्यंत

लेथला बॉलस्क्रू (छर्र्यांवर चालणारा, टूल पुढेमागे सरकवणारा स्क्रू) बसवून तो मोटरने चालवायचा विषय निघाला की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. स्क्रू कुठला घेऊ आणि स्टेपर मोटर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणारी मोटर) किती ताकदीची घेऊ? दोन्हींची उत्तरं सोपी आहेत आणि पुढे दिलीही आहेत. पण काम बिघडतं ते तिथे नाही. ते बिघडतं स्क्रूच्या एका टोकाला, जिथे तो बेअरिंगमध्ये पकडलेला असतो तिथे. ते टोक ०.०५ मिमीने जरी पुढेमागे होत असलं तरी स्क्रूवर खर्च केलेला पैसा वाया गेला म्हणून समजा. त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या टोकाला दिली आहे.

मी हे काम मिनी लेथवर केलं. स्विंग (मावणारा सगळ्यात मोठा व्यास) १८० मिमी, दोन सेंटरमधलं अंतर ३५० मिमी, स्पिंडलला एमटी ३ टेपर, लीडस्क्रू (बेडवरून कॅरेज सरकवणारा स्क्रू) दीड मिमी पिचचा आणि क्रॉस स्लाईडचा (कॅरेजवर टूल आडवं नेणाऱ्या स्लाईडचा) स्क्रू एक मिमी पिचचा. हाच लेथ वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी जगभर विकला जातो. खालची मापं याच लेथची आहेत. तुमचा लेथ मोठा असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम मात्र हाच ठेवा.

आधी ठरवा: खरंच हवा आहे का?

साध्या ट्रॅपेझॉइडल स्क्रूमध्ये नट आणि आटे एकमेकांवर घासतात. दिलेल्या ताकदीतली २० ते ४० टक्केच कामी येते, बाकीची घर्षणात जाते. बॉलस्क्रूमध्ये नटातल्या छर्र्यांची रांग आट्यांतून घरंगळत जाते आणि परत फिरून मागे येते. ट्रकच्या स्टीअरिंग बॉक्समध्येही हेच तत्त्व असतं. इथे ९० टक्क्यांच्या आसपास ताकद कामी येते.

पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे. घर्षण नाही म्हणून स्क्रू जागेवर अडकूनही राहत नाही. मोटरची वीज बंद असताना क्रॉस स्लाईडला हाताने ढकललं तर ती सरकते आणि स्क्रू उलटा फिरतो. म्हणजे हँडलने कापायची सवय सुटणार. टूल कापताना स्लाईडला मागे रेटतं, तेव्हा तिला धरून ठेवायला मोटर चालूच असावी लागते. हाताने चालवल्याचा अनुभव हवा असेल तर एका फेऱ्यात १०० पल्स देणारं इलेक्ट्रॉनिक हँडव्हील घ्या. ते चांगलं चालतं.

तुम्हाला फक्त चेंज गिअर बदलायचा कंटाळा आला असेल, आणि इंची व मेट्रिक दोन्ही आटे सहज पाडायचे एवढीच गरज असेल, तर बॉलस्क्रूची गरजच नाही. मूळ लीडस्क्रू तसाच ठेवून त्याला एक स्टेपर जोडा आणि स्पिंडलला एन्कोडर (स्पिंडल किती फिरला ते सांगणारा सेन्सर) लावा. आटे पाडताना कॅरेज एकाच दिशेने कापत जाते, त्यामुळे लीडस्क्रूचा प्ले (ढिलेपणा) आड येत नाही. चार दिवसांत होणारं काम आहे. पुढचं सगळं वाचण्याआधी याचा प्रामाणिकपणे विचार करा, कारण अॅप्रन (कॅरेजची पुढची पेटी) आणि त्यातला लीडस्क्रूला पकडणारा हाफ नट एकदा काढून टाकले की परतीचा रस्ता कष्टाचा आहे.

लेथ उघडण्याआधी लेथवरच करून घ्यायची कामं

यादी करा आणि ज्या भागाला टर्निंग किंवा बोरिंग लागणार आहे तो प्रत्येक भाग आधी करून ठेवा. झेडच्या, म्हणजे कॅरेज सरकवणाऱ्या स्क्रूच्या, नटसाठी २८ मिमीचा बोअर, मोटर प्लेटला ३८.१ मिमीचा गाळा (मोटरच्या तोंडावरचा गोल उठाव बसायचं भोक), पुलीचे बोअर, स्पेसर, बेअरिंगच्या रिंगा. लेथ सुटा पडलेला असताना एका स्पेसरसाठी दुसऱ्याच्या दारात जायची वेळ येते. माझी ती वेळ आली होती, आणि एका रिंगेपायी काम आठवडाभर थांबलं.

मग स्लाईड बघा. बॉलस्क्रू ढिल्या स्लाईडला घट्ट करत नाही. गिब पट्टी (स्लाईडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) नीट बसत नसेल तर टूल बाजूला झुकतं आणि डायलवर ते झुकणं बॅकलॅशसारखंच (दिशा बदलताना वाया जाणाऱ्या हालचालीसारखंच) दिसतं. मिनी लेथच्या सॅडलखाली (कॅरेजच्या बेडवर बसणाऱ्या भागाखाली) बेडला धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या ढकल-ओढीच्या स्क्रूंवर तरंगत असतात. हा या लेथचा सगळ्यात कच्चा भाग. त्या पट्ट्या सपाट करून घ्या आणि खाली शिम (पातळ पत्रा) घालून पक्क्या आवळा.

गिब बरोबर झाली हे हाताला कळतं, पण वजनकाट्याने जास्त चांगलं कळतं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, क्रॉस स्लाईडचा स्क्रू काढून टाका आणि काट्याने स्लाईड हळूहळू ओढा. आकडा दोन किलो येतो की तीन, याला फारसं महत्त्व नाही. पूर्ण प्रवासात तो सारखा राहतो का ते बघायचं. मध्यभागी हलकी आणि टोकाला जड लागत असेल तर मध्यभाग झिजला आहे. निळा रंग लावून उंचवटे शोधा आणि स्क्रेपिंग करा किंवा ग्राइंडिंग करून आणा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत असं एखाददुसरं काम करून देणारे लोक मिळतात. आपल्या गावाजवळचा माणूस आधीच शोधून ठेवा, पुढे सॅडलच्या मिलिंगलाही तो लागेल.

स्क्रू कुठला

झेडसाठी, म्हणजे कॅरेजच्या लांब प्रवासासाठी, एसएफयू १६०५: व्यास १६ मिमी, एका फेऱ्यात ५ मिमी पुढे, हीच त्याची लीड. नटाचं अंग २८ मिमी, फ्लँज ४८ मिमी. एक्ससाठी, म्हणजे क्रॉस स्लाईडला, एसएफयू १२०४: व्यास १२, लीड ४, नटाचं अंग २४, फ्लँज ४०.

बाजारात सहज मिळतो तो सी७ दर्जाचा रोल केलेला स्क्रू. त्यात ३०० मिमी लांबीत ०.०५ मिमीपर्यंत चूक धरलेली असते. घरच्या कामाला ते पुरतं. शिवाय ही चूक रोज तीच राहते, त्यामुळे ती मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरता येते.

लांबीचा हिशेब असा: हवा असलेला प्रवास, अधिक नटाची लांबी, अधिक दोन्ही टोकांना २०-२० मिमी मोकळी जागा. झेडला ३०० मिमी प्रवास धरला तर ३०० + ५० + ४०, म्हणजे आट्यांची लांबी किमान ३९० मिमी. प्रत्यक्षात बेअरिंगचे ब्लॉक बेडच्या दोन टोकांना येतात, म्हणून स्क्रू याहून लांबच निघतो. ब्लॉकच्या जागा बेडवर खडूने मारा, मधलं अंतर टेपने मोजा आणि मगच ऑर्डर द्या.

टोकं मशीन करूनच मागवा. बॉलस्क्रूचा पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) इतका कडक असतो, साधं टूल त्यावर नुसतं घसरतं. स्क्रूची टोकं बेअरिंगच्या तयार ब्लॉकमध्ये बसतात: बीके पक्क्या टोकाला, बीएफ तरंगत्या टोकाला. बीके१२ ब्लॉकसाठी एका टोकाला १२ मिमीची बेअरिंगची जागा, लॉकनटसाठी आटे आणि पुढे कपलिंगसाठी १० मिमी. दुसऱ्या टोकाला बीएफ१२ साठी १० मिमी. एक्सच्या स्क्रूला बीके१० आणि बीएफ१०: एकीकडे १० मिमी बेअरिंग आणि ८ मिमी कपलिंग, दुसरीकडे ८ मिमी.

आणि स्क्रू हातात आला की नट उतरवायचा नाही. नट शेवटच्या आट्यावरून पुढे गेला की आतले छर्रे एका क्षणात बाहेर येतात. माझ्याकडून एकदा तो स्क्रू उभा धरला गेला आणि नट स्वतःच्या वजनाने फिरत खाली आला. सगळे छर्रे जमिनीवर पांगले. त्यातला एक कपाटाखाली तीन दिवसांनी सापडला, तोवर नट फडक्यात गुंडाळून ठेवला होता. नट उतरवायचाच असेल तर आट्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक नळी स्क्रूच्या टोकाला भिडवा आणि नट आट्यांवरून सरळ नळीवर जाऊ द्या. छर्रे आतच राहतात. ही नळी लेथ उघडण्याआधीच्या यादीत लिहून ठेवा.

पक्कं टोक

बॉलस्क्रूचं एक टोक पक्कं असतं, दुसरं तरंगतं. पुढेमागे होणारा सगळा रेटा पक्क्या टोकाने घ्यायचा. दुसऱ्या टोकाचं बेअरिंग स्क्रूला फक्त उचलून धरतं आणि उष्णतेने लांबी वाढली तर सरकू देतं. दोन्ही टोकं आवळून टाकली तर तापल्यावर स्क्रू वाकतो.

पक्क्या टोकाच्या बीके१२ ब्लॉकमध्ये ७००१ नंबरची दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग असायला हवीत. १२ × २८ × ८ मिमी हे त्यांचं माप. अडचण अशी की साध्या ६००१ बेअरिंगचंही माप हेच आहे, आणि स्वस्त ब्लॉकमध्ये तीच घातलेली सापडतात. ६००१ आडव्या भाराचं बेअरिंग आहे, अक्षाच्या दिशेने त्यात मुळातच प्ले असतो. बाहेरून काही कळत नाही. समोरची प्लेट चार एलन स्क्रूंवर असते, ती काढून नंबर वाचाच.

मोजायची पद्धत सांगतो. हा प्रयोग एकदा केलात की पुन्हा कुणाला विचारायची गरज पडणार नाही. स्क्रूच्या टोकाला सेंटर ड्रिलचं भोक असतं. त्यात बोटाने थोडं ग्रीस भरा आणि त्यावर पाच-सहा मिमीचा एक छर्रा ठेवा. ग्रीसमुळे तो तिथे चिकटून बसतो. मॅग्नेटिक स्टँडवरच्या डायलचा सपाट पॉइंट छर्र्यावर टेकवा. छर्र्यामुळे टोकाचा वाकडेपणा रीडिंगमध्ये येत नाही, फक्त अक्षाची हालचाल दिसते. आता स्क्रू फिरू न देता नटाला धरून एकदा आपल्याकडे ओढा, एकदा पलीकडे रेटा, आणि सुई बघा. माझ्या नव्या कोऱ्या ब्लॉकमध्ये सुई ०.०८ वर जाऊन परत येत होती. ब्लॉक उघडला तर आत ६००१ ची जोडी. ७००१ ची जुळवलेली जोडी घालून आवळल्यावर सुई अर्धी रेघसुद्धा हलली नाही. नट तोच, स्क्रूही तोच.

जोडी घालताना दिशा महत्त्वाची. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेची एक कड रुंद असते, एक अरुंद. रुंद कडा एकमेकींना भिडतील अशी, पाठीला पाठ लावून, बेअरिंग बसवा. या रचनेत लॉकनट आवळला की आतल्या रिंगा एकमेकींकडे सरकतात आणि छर्रे दाबात येतात. मुंबईला असाल तर नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग मिळतं. मागताना जुळवलेली जोडी असंच सांगून मागा. सुटी बेअरिंग आणलीत आणि आवळल्यावरही प्ले राहिला, तर दोन बाहेरच्या रिंगांमध्ये ०.०१ ते ०.०२ मिमीचा शिम स्टीलचा गोल तुकडा घाला. आतल्या रिंगेला तो लागता कामा नये. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, तो इथे चालत नाही. बेअरिंग इतकं दाबात जाईल की लवकरच संपेल. तोच पत्रा ब्लॉकखाली उंची जुळवायला मात्र छान उपयोगी पडतो.

लॉकनट किती आवळायचा? स्क्रू बोटांनी फिरवत राहा आणि नट थोडा थोडा आवळा. फिरवताना ग्रीसच्या चिकटपणापेक्षा किंचित जास्त विरोध जाणवायला लागला की थांबा. तो विरोध पूर्ण फेऱ्यात सारखा हवा. खडबड जाणवली तर जास्त आवळलं आहे. लॉकनटच्या बारीक ग्रब स्क्रूखाली पितळेचा किंवा तांब्याचा छोटा तुकडा घाला, म्हणजे आटे खराब होत नाहीत.

झेड अक्ष: स्क्रू आणि बेड समांतर

स्क्रू मूळ लीडस्क्रूच्याच जागी, बेडच्या पुढच्या बाजूला, पुढच्या व्ही मार्गाच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा. लांब खाली बसवला तर कॅरेज ढकलताना थोडी तिरकी होते.

बेडची पुढची बाजू बिडाची, रंगवलेली, मशीन न केलेली असते. रंगावर ब्लॉक आवळू नका. जिथे प्लेट बसणार तिथला रंग खरवडून बीड उघडं करा, १२ ते १६ मिमी जाडीची एमएस प्लेट घ्या आणि तिच्या मागे मेटल इपॉक्सीचा थर देऊन हलक्या हाताने बसवा. इपॉक्सी वाळल्यावर बोल्ट पूर्ण आवळा. ब्लॉक या प्लेटवर बसतात.

आता समांतरता. स्टँड सॅडलवर ठेवा, डायलचा पॉइंट स्क्रूच्या वरच्या बाजूवर. आट्यांमुळे साधा पॉइंट खाचेत उतरतो, म्हणून १० ते १२ मिमी रुंदीचा सपाट पॉइंट लावा; लीड ५ मिमीच आहे, त्यामुळे त्याखाली कायम कुठलातरी माथा येतो. एका टोकाला रीडिंग घ्या, सॅडल सरकवून दुसऱ्या टोकाला घ्या. मग डायल आडवा करून हेच समोरून करा. उंचीतला फरक ब्लॉकखाली शिम घालून काढा, आडवा फरक ब्लॉक हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकून. पूर्ण लांबीत ०.०२ ते ०.०३ मिमी आलं की पुरे. या कामाला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि तो वेळ वाया गेला असं कधीच वाटलं नाही.

नट आणि सॅडल जोडणाऱ्या ब्रॅकेटमध्ये काटकसर करू नका. १२ मिमीपेक्षा पातळ पट्टी घेतली तर ती वाकते, आणि तो वाक बॅकलॅश म्हणूनच दिसतो. नटाचे बोल्ट आधी सैल ठेवा. सॅडल पक्क्या टोकाजवळ आणा, नटाला स्वतःची जागा शोधू द्या आणि तिथे बोल्ट आवळा. मग सॅडल तरंगत्या टोकाकडे न्या, त्या ब्लॉकचे बोल्ट सैल करा, त्याला जागा शोधू द्या आणि आवळा. हाच क्रम दोन-तीन वेळा.

मोटर लावायच्या आधी कपलिंगचं टोक दोन बोटांत धरून स्क्रू पूर्ण प्रवासभर फिरवा. फक्त एका टोकाजवळ जड जात असेल तर तिथली उंची चुकली आहे. प्रत्येक फेऱ्यात एकदा जड जात असेल तर स्क्रूचं टोक वाकडं आहे किंवा फ्लँज काटकोनात बसलेली नाही. बोटांना जे जड लागतं तिथे मोटर स्टेप चुकवणार.

एक्स अक्ष: जागेची अडचण

क्रॉस स्लाईडखाली जागाच नसते. मूळ नट एवढासा असतो, आणि तिथे २४ मिमी अंगाचा नट त्याच्या ब्लॉकसकट बसवायचा असतो. यावर दोन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे सॅडलमधली खाच मिलिंग करून रुंद आणि खोल करायची. करण्याआधी खाली आणि बाजूला किती बीड उरणार ते मोजा. पाच मिमीपेक्षा कमी उरत असेल तर हा मार्ग सोडा, सॅडल त्यानंतर आवळताना वाकतो. दुसरा मार्ग मला जास्त पटतो: नट खाली न ठेवता क्रॉस स्लाईडच्या मागच्या टोकाला, सॅडलच्या बाहेर ठेवायचा. मग खाचेतून फक्त १२ मिमीचा स्क्रू जातो, आणि तेवढं रुंदीकरण कमी कापून होतं. स्लाईड पुढे येताना नट सॅडलच्या पाठीला धडकू नये म्हणून स्लाईडला मागे एक जाड प्लेट जोडून लांबी वाढवावी लागते. पैसे थोडे जास्त घालायची तयारी असेल तर ८ किंवा १० मिमी व्यासाचे, २ मिमी लीडचे छोटे बॉलस्क्रू मिळतात, ते बऱ्याचदा खाचेतच मावतात.

पक्का ब्लॉक पुढे, जुन्या हँडलच्या जागी. त्याची तपासणी वर सांगितली तशीच, पण जास्त कडक. एक्सवर ०.०२ मिमी चुकलं की जॉबच्या व्यासात ०.०४ दिसतं.

मोटर आणि हिशेब

नेमा २३ मोटर दोन्ही अक्षांना पुरते. तोंड ५७ मिमी, भोकांमधलं अंतर ४७.१४ मिमी, गाळा ३८.१ मिमी, शाफ्ट ६.३५ किंवा ८ मिमी. प्लेटवर मार्किंग करताना ४७.१४ चा चौकोन गुण्या लावून काढा आणि पंच मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते ६६.६७ आले पाहिजेत.

ताकद: दोन न्यूटन-मीटर होल्डिंग टॉर्कची (थांबून धरून ठेवायच्या ताकदीची) मोटर फिरताना साधारण निम्मा टॉर्क देते असं धरा. १ न्यूटन-मीटर आणि ५ मिमी लीड म्हणजे २ × ३.१४ × ०.९ × १ ÷ ०.००५, म्हणजे सुमारे ११३० न्यूटन, म्हणजे ११५ किलोचा रेटा. माइल्ड स्टीलवर १ मिमी खोली आणि ०.१ मिमी फीड घेतलं तर कापण्याचा मुख्य भार २५० न्यूटनच्या आसपास असतो आणि फीडच्या दिशेने त्याहून कमी. म्हणजे ताकद मुबलक आहे. इथे नेमा ३४ लावून काही मिळत नाही, उलट मोटर जड होते आणि वेगात लवकर दमते.

स्टेप: मोटर २०० स्टेप, ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटवर) ८ मायक्रोस्टेप, म्हणजे प्रत्येक स्टेपचे आठ भाग, म्हणजे एका फेऱ्याला १६०० पल्स. झेडला १६०० ÷ ५ = ३२० पल्स प्रति मिमी. एक्सला १६०० ÷ ४ = ४०० पल्स प्रति मिमी, म्हणजे एका पल्सला ०.००२५ मिमी, व्यासात ०.००५. मायक्रोस्टेप ३२ वर नेऊन अचूकता वाढत नाही, फक्त पल्स वाढतात.

मोटर थेट जोडायची असेल तर मध्ये रबरी स्पायडर असलेलं किंवा डिस्कचं कपलिंग घ्या. स्प्रिंगसारख्या खाचा पाडलेलं अॅल्युमिनिअमचं स्वस्त कपलिंग पिळलं जातं, ते या कामाला नको. जागा नसेल तर टायमिंग बेल्ट, १५ मिमी रुंदीचा एचटीडी ३एम किंवा ५एम.

ड्रायव्हर आणि वायरिंग

डीएम५४२ जातीचा डिजिटल ड्रायव्हर नेमा २३ ला चांगला चालतो. मोटरला किती व्होल्टेज द्यायचं याचा अंदाज असा: इंडक्टन्स मिलिहेन्रीमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३२ ने गुणा. २.५ मिलिहेन्रीला ५० च्या आसपास येतं. पण या ड्रायव्हरची वरची मर्यादाच ५० व्होल्ट आहे, आणि वेगातली मोटर थांबताना जनरेटर होऊन व्होल्टेज चढवते. म्हणून मी त्याला ३६ व्होल्टचा सप्लाय देतो.

वीज चालू असताना मोटरची वायर ड्रायव्हरमधून कधीही काढू नका. ड्रायव्हर जळतो. पल्सच्या वायरी पिळलेल्या आणि शील्डवाल्या घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. इमर्जन्सी स्विच लाल मशरूमचा, नॉर्मली क्लोज्ड, आणि तो काँटॅक्टरमधून (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचमधून) स्पिंडल व ड्रायव्हर दोन्हींची वीज तोडणारा हवा. फक्त कंप्युटरला निरोप पोचवणारा नको. होमचे (सुरुवातीची जागा ओळखणारे) प्रॉक्सिमिटी सेन्सरही नॉर्मली क्लोज्ड घ्या, म्हणजे वायर तुटली तर मशीन थांबेल. हे सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळतं. हँडल उरलं असेल तर काढून टाका, मोटरच्या वेगात फिरणारं हँडल बोट मोडतं.

आटे पाडायचे तर एन्कोडर

लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि लेथसाठी मला तेच सगळ्यात योग्य वाटतं. आटे पाडायला त्याला स्पिंडल नेमका कुठे आहे हे कळावं लागतं. त्यासाठी एन्कोडर स्पिंडलला एकास एक गुणोत्तरात, टायमिंग बेल्टने जोडा. चेंज गिअरची जागा आता मोकळीच असते, तिथे तो बसतो. एन्कोडरला इंडेक्सची (एका फेऱ्यात एकदाच येणारी) पल्स हवीच, नाहीतर प्रत्येक पास वेगळ्या जागी सुरू होईल.

१०२४ रेषांचा एन्कोडर १५०० आरपीएमला सेकंदाला १,०२,४०० काउंट देतो. ते जुन्या पॅरलल पोर्टला झेपत नाही. मेसा कंपनीचं मोशन कंट्रोल कार्ड घ्या, किंवा १०० खाचांची चकती आणि ऑप्टो सेन्सर लावा. शंभर खाचांत आटे व्यवस्थित निघतात.

सेटिंगमध्ये स्टेपच्या वेळा ५००० नॅनोसेकंद ठेवा. प्रोग्राममध्ये एक्स व्यासात चालवायला जी७ हा आदेश, आट्यांसाठी जी७६. आटे सुरू होण्याआधी टूलला पिचच्या निदान तीनपट मोकळं अंतर द्या, कॅरेजला वेग पकडायला तेवढं लागतं.

चाचणी

पपी डायल (छोट्या लीव्हरचा डायल) टूल पोस्टला टेकवा. एका दिशेने ०.१ च्या पायऱ्यांनी पाच वेळा जा, मग उलट दिशेने. उलट फिरल्यावर पहिल्या पायरीत जे कमी पडतं तो बॅकलॅश. ०.०२ पेक्षा जास्त आला तर सॉफ्टवेअरमध्ये भरपाईचा आकडा टाकायचा मोह होतो. आधी छर्रा-ग्रीसची तपासणी पुन्हा करा, मग ब्रॅकेट, मग गिब. शेवटी जे उरेल तेवढंच भरा.

वेग ठरवायला रॅपिड (न कापता पळण्याचा वेग) हळूहळू वाढवत न्या आणि मोटर जिथे अडखळते त्याच्या निम्मा ठेवा. झेडला ३००० मिमी प्रति मिनिट म्हणजे ६०० आरपीएम, घरी त्याहून जास्त लागत नाही. मग शंभर वेळा पुढेमागे पळवून डायलच्या शून्यावर परत आणा. सुई शून्यावर आली नाही तर स्टेप चुकत आहेत. अॅक्सिलरेशन कमी करा.

मग २५ मिमीचा बार लावून तीन पट्टे तीन मापांना कापा आणि मायक्रोमीटरने बघा. त्यानंतर एम१० × १.५ चा आटा. बाजारचा नट बोटाने शेवटपर्यंत गेला पाहिजे.

स्क्रूवर लिथियम ग्रीस किंवा तेल ठेवा. ग्राफाइट किंवा मॉलीचं ग्रीस नको. बीड कापताना जी काळी भुकटी उडते ती नटाचा जीव घेते, म्हणून स्क्रूवर झाकण आणि नटाच्या तोंडाला वायपर लावा. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रोज काम संपल्यावर तेलाचा हात फिरवा, कोल्हापूरच्या पावसात एका रात्रीत उघड्या स्क्रूवर तांबूस ठिपके उठतात.

ब्लॉक जागेवर कायम धरणाऱ्या डॉवेल पिनांची भोकं अजून मारलेली नाहीत. ती मुद्दाम शेवटी ठेवली. वीसेक तास मशीन चालवा, लॉकनट आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासा, डायल लावून समांतरता पुन्हा बघा. ती जागेवर असेल तर प्रत्येक ब्लॉकला आणि ब्रॅकेटला दोन-दोन ५ मिमीच्या पिना रीमर मारून बसवा, आणि रीडिंग प्लेटवर मार्करने लिहून ठेवा.